शुक्रवारी प्रेस बंद असते

गाळ्याच्या उंबऱ्यावर माझा पाय अडखळला. खरं म्हणजे अडखळण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तेव्हा पोटात जे होतं ते मला सपाट जमिनीवर झालं. मी चौकट धरली. "काय झालं आजोबा?" शलाकानं आतून विचारलं. "काही नाही," मी म्हणालो. बहुतेक प्रश्नांना मी हेच उत्तर देत आलो आहे. खांद्यावरची कापडी पिशवी सावरली आणि आत शिरलो. काय नव्हतं? ड्रम होते, त्यांच्यापुढे काठ्या फिरवत बसलेला धर्मेश होता, भिंतींना टेकवलेल्या जुन्या गाद्या होत्या. गिटारवाल्या हरेशच्या काकांच्या दुकानातल्या जीन्सचे गठ्ठे होते आणि त्यातला माझा गठ्ठाही होता, शेजारच्या गाळ्याच्या भिंतीला लागून, बसून बसून माझ्या मापाचा खळगा पडलेला. सगळं जागच्या जागी होतं आणि तरी कुणीतरी काहीतरी उचलून नेलं होतं. वय झालं, मी मनाला सांगितलं. सत्तरीनंतर माणसाला अधूनमधून असं वाटायचंच. आज मला कसलीही शंका नको होती. आज माझी ओळ गाण्यात जाणार होती.

ही ओळ म्हणजे फार काही नाही. नकाशातल्या कोऱ्या जागी दिवे आमचे लागतात. एवढीच. पण मी अंबरनाथच्या एका लहानशा वाचनालयात सगळी नोकरी केली, दुसऱ्यांच्या ओळी कपाटात लावल्या, काढल्या, त्यांच्यावरची धूळ पुसली, आणि डोक्यावर कायम 'शांतता राखा' अशी पाटी. इतकी शांतता राखली की स्वतःची एक ओळसुद्धा कुणापुढे मोठ्यानं म्हटली नाही. आणि आता माझी नात ती ओळ ओरडून म्हणणार होती, तेही मायक्रोफोनमध्ये. सकाळी चहा दोनदा सांडला. सून म्हणाली, "बाबा, परीक्षा शलाकाची आहे की तुमची?" मी हसलो. रिक्षात मी पिशवी छातीशी धरून बसलो होतो. पिशवीत माझा जाडजूड शब्दकोश होता, कापडी बांधणीचा. तो मी रोज नेतो. ऐनवेळी कुणी शब्द मागितला आणि मला आठवला नाही तर? अजूनपर्यंत कुणी मागितलेला नाही.

रेकॉर्डिंगला शुक्रवारच हवा असं हरेशनं ठरवलं होतं. हरेश गिटार वाजवतो. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातला सिंधी मुलगा, बोलताना साईं म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नाही. शलाका बास वाजवते आणि गाते, आणि धर्मेश जांभूळ गावचा, त्याच्या घरची भातशेती एमआयडीसीच्या पाइपलाइनला लागून आहे. असे तिघं. अंबरनाथच्या एमआयडीसीतला हा गाळा हरेशच्या काकांचा, आणि भिंतीपलीकडे चंदूशेठची पॉवर प्रेस. पत्र्याची पट्टी आपोआप पुढे सरकते आणि वरून लोखंड पडतं, धप्प, की वायसर तुटून खाली. दिवसभर धप्प, धप्प. मुलं या प्रेसला शिव्या देऊन थकली होती. शलाका एकदा चंदूशेठना विनवायला गेली, काका, रेकॉर्डिंगपुरती अर्धा तास बंद ठेवा ना. चंदूशेठ म्हणाले, "पोरी, माझी प्रेस थांबली तर माझी बायको फोन करते, जिवंत आहात ना म्हणून. तू शुक्रवारी ये. शुक्रवारी सगळी लाइनच बंद असते." ते खरंच आहे. आमच्याकडे कारखान्यांची सुटी शुक्रवारी, आणि त्याच दिवशी दुरुस्तीसाठी वीजही बंद. म्हणजे ज्या दिवशी आवाज नाही त्या दिवशी वीज नाही. हरेशनं काकांच्या दुकानातला इन्व्हर्टर उचलून आणला. "लॅपटॉप आणि एक अँप्लिफायर चालेल साईं, पंखा नाही. बॅटरी उतरायच्या आत गाणं झालं पाहिजे." पुढचा शुक्रवार नव्हता. धर्मेशला गुजरातमधल्या एका प्लांटात नोकरी लागली होती आणि तो रविवारी निघणार होता. त्यानंतर हे तिघं पुन्हा कधी एका खोलीत येतील हे तिघांपैकी कुणी बोलत नव्हतं.

गाणं कसं होतं ते मी जवळून पाहिलं आणि अजूनही मला ते नीटसं कळलेलं नाही. मला वाटायचं, कुणीतरी आधी शब्द लिहितं, मग चाल लावतं, मग वाजवतात. पुस्तकात पानं क्रमानं येतात तसं. इथे सगळं उलटंपालटं. हरेशच्या गिटारची जाडी तार एके दिवशी ढिली झाली आणि तिच्यातून म्हशीनं हंबरावं तसा आवाज आला. धर्मेश इतका हसला की त्यानं हसता हसता त्या हंबरण्यामागे ड्रम लावले, आणि मग तिघंही हसायचे थांबले, कारण तिघांनाही एकदम कळलं की हे काहीतरी आहे. शलाका त्यावर तोंडाला येईल ते गाऊ लागली. शब्द नव्हतेच, म्हणून ती रागारागानं कोथिंबीर, पुदिना, कोथिंबीर, पुदिना असं ओरडायची. कित्येक आठवडे ते गाणं कोथिंबिरीचंच होतं. घरी, चिखलोलीच्या आमच्या नव्या इमारतीत, ती न्हाणीघरात ते म्हणायची आणि मी पुस्तक तोंडावर धरून हसायचो. तिनं ते पाहिलं. "हसता काय आजोबा? मग तुम्ही द्या शब्द." मी घाबरून शब्द दिले. उपेक्षित असा एक शब्द दिल्याचं आठवतं. दुसऱ्या दिवशी धर्मेशनं तो गाऊन पाहिला आणि म्हणाला, "यो त सभेतला भाषण झाला, आजोबा. आता पाणी वाट." धर्मेश सगळ्यांनाच अरे-तुरे करतो, मला आजोबा म्हणून पुन्हा 'तू' म्हणतो, आणि त्याचं मला फार बरं वाटतं. मग एका संध्याकाळी मी गॅलरीत उभा होतो. समोर नव्या स्टेशनासाठी मोकळी सोडलेली जागा, तिच्यावर बकऱ्या चरत होत्या, आणि गाडी न थांबता निघून गेली, जशी रोज जाते. मी तिच्याकडे बघून पुटपुटलो, "अरे, इथेपण कुणी राहतं." स्वयंपाकघरातून शलाका पळत आली. "काय म्हणालात? परत म्हणा." तेच त्यांचं धृपद झालं. इथेपण कुणी राहतं! तिघं मिळून ते ओरडतात तेव्हा अंगावर काटा येतो. पण ते मी माझं धरत नाही. ते मी नुसतं बोललो होतो. लिहिली होती ती दुसरी ओळ, नकाशाची. एक एक शब्द तोलून, खोडून, परत लिहून.

आणि हरेशला ती ओळ पसंत नव्हती. तो वाईट मुलगा नाही, तो मला आजोबाजी म्हणतो आणि माझ्या पाया पडतो. "आजोबाजी, लाइन फर्स्ट क्लास आहे," तो म्हणाला होता, "पण गाण्यात बसायला येते तेव्हा सोबत सोफा घेऊन येते." सगळे हसले. मीही हसलो आणि त्या रात्री झोपलो नाही. शलाका भांडली माझ्यासाठी. "राहणार ती ओळ. गाणार मी आहे ना?" तेव्हापासून मी रोज जातो, त्या गठ्ठ्यावर भिंतीला पाठ टेकून बसतो आणि गाणं त्या ओळीपाशी यायला लागलं की श्वास रोखतो. कधी शलाका ती घाईनं म्हणते, कधी शेवटचा शब्द गिळते. माझ्या मनात दोन माणसं बसलेली असतात. एक म्हणतो, ऐक, तुझी ओळ. दुसरा म्हणतो, सोफा.

"चला साईं, मारू एक टेक," हरेश म्हणाला. शलाकानं डोळे मिटले. धर्मेशनं काठ्या एकमेकींवर आपटून मोजलं आणि गाणं सुटलं. सुटलं हाच शब्द. पहिल्या कडव्यातच मला वाटलं की आपण उतारावरून जातोय. हरेशची बोटं धापा टाकत होती. धृपदाला तिघं ओरडले, पण ओरडण्याच्या आत पुढची ओळ येऊन धडकली. माझी ओळ आली आणि गेली, मला फक्त 'दिवे' ऐकू आलं. गाणं संपलं. "धरम्या, ट्रेन पकडायची होती का?" हरेश म्हणाला. "तू पलालास ना मंग मी पललो," धर्मेश म्हणाला. परत वाजवलं. परत पळालं. मग हरेशनं लॅपटॉपवर टकटक लावली, प्रत्येकाच्या कानात एकसारखी, घड्याळासारखी. आता गाणं पळेना, पण ते चालेनाही. सगळं बरोबर होतं. शब्द न चुकता पाठ म्हणणाऱ्या मुलासारखं बरोबर. हरेशनं कानावरचे हेडफोन काढून फेकले. "ये गाना मर गया, यार." शलाका पाणी प्यायली आणि बाटलीचं झाकण लावायला विसरली. गाळ्यात पंखा नव्हता, मार्चचं ऊन पत्र्यातून उतरत होतं, तिघांचे शर्ट पाठीला चिकटले होते. धर्मेश काठ्या मांडीवर ठेवून बसला होता. "मंगलवारी बरोबर वाजवत होतो ना मी?" त्यानं कुणालाच न विचारता विचारलं. "आज काय झायला? मना कलतच नाय. हाताखालची जमीनच नाय असा वाटतंय."

हाताखालची जमीन. मी दचकलो. सकाळी उंबऱ्यावर माझ्या पायाखालून गेलेली पायरी आठवली. मी गठ्ठ्यावर मागे सरकलो, भिंतीला पाठ टेकली आणि वाट पाहिली. कशाची ते मला माहीत नव्हतं, पण माझी पाठ वाट पाहत होती. मणक्यातून काहीतरी वर यायला हवं होतं आणि येत नव्हतं. भिंत नुसती भिंत होती, गार आणि मुकी. बाहेर अख्ख्या गल्लीत आवाज नव्हता, कुठेतरी एक कावळा तेवढा. आणि मग मला कळलं आणि कळताक्षणी मी ते नाकारलं. असं कसं असेल? मला संगीतातलं काय कळतं? मी पुस्तकवाला माणूस. ही मुलं वर्षानुवर्षं वाजवतात, त्यांना कळलं नसतं का?

आणि माझ्या हाताला ताल नाही हे तर फार जुनं ठरलेलं आहे. माझे वडील काडेपेटीच्या कारखान्यात होते आणि संध्याकाळी गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. चौदा एप्रिलच्या आधी महिनाभर आमच्या चाळीसमोरच्या ओट्यावर सराव चालायचा. बाबासाहेबांची गाणी, पेटी, खंजिरी, आणि मधोमध वडील, मान एका बाजूला टाकून. कारखान्याच्या गंधकाचा वास त्यांच्या बोटांना असायचा आणि ती बोटं ढोलकीवर पडली की मला वाटायचं, आता ठिणगी पडणार. एकदा त्यांनी मला मांडीवर घेतलं, माझे तळवे आपल्या तळव्यात धरून ढोलकीवर ठेवले. धर, म्हणाले. त्यांचे हात होते तोवर माझे हात वाजत होते. त्यांनी हळूच आपले हात काढून घेतले आणि माझे लगेच भरकटले. ओट्यावरची माणसं मायेनंच हसली. कमळाबाई म्हणाली, "राहू द्या हो, पोरगं साहेब होणार आहे." वडीलही हसले, माझ्या केसांवरून हात फिरवला. "राजेंद्र, तुझा हात अक्षरांचा आहे बाबा. तू वाच." ते प्रेमानं म्हणाले, अभिमानानं म्हणाले. मी वाचलं. ते गेल्यावरही मी कधी टेबलावर बोटंसुद्धा वाजवली नाहीत.

इन्व्हर्टरनं बारीक शिटी दिली. हरेश वाकून बघू लागला. "अर्धी गेली साईं. टकटकवरच करून टाकू. जसं होईल तसं." शलाकाचा चेहरा पडला होता. ती लहानपणी पतंग कटला की असाच चेहरा करायची. मी तोंड उघडलं, मिटलं. घसा खाकरला. कुणी बघितलं नाही. पुन्हा खाकरलो. "शलाका," मी म्हणालो, "मंगळवारच्या सरावाचं रेकॉर्डिंग तुझ्या फोनमध्ये आहे ना, ते लाव बरं."

"आता कशाला आजोबा?"

"माझं चुकत असेल. बहुतेक चुकतच असेल. पण लाव."

तिनं लावलं. फोनच्या इवल्या भोकातून मंगळवार बाहेर आला. गिटारचं हंबरणं, शलाकाचा आवाज, ड्रम, आणि त्या सगळ्याच्या खाली, बारीक, दाराआडून कुणी हाक मारावी तशी, प्रेस. धप्प. धप्प. धर्मेशच्या दर दुसऱ्या ठोक्याला ती होती, किंचित मागे रेलून, जड माणूस खुर्चीत बसतो तशी. "हे ऐका," मी म्हणालो. "तुम्ही या प्रेसला शिव्या देता, पण गाणं तुम्ही तिच्याच अंगावर उभं केलं आहे. ती आज नाही. म्हणून."

तिघं फोनवर वाकले. मग धर्मेश इतक्या जोरात हसला की झांज थरथरली. "आई शप्पत! आमच्यात चौथा वाजवनारा हाय आनि आमी त्याला सुट्टी दिली!" शलाकानं कपाळावर हात मारला. "आणि मी त्या चंदूकाकांच्या पाया पडायची बाकी होते, बंद ठेवा म्हणून!" हरेश तर गादीवर बुक्क्या मारत सुटला. हे सगळं माझ्या एका वाक्यानं झालं होतं. मग हरेश सावरला. फोनमधला आवाज कानात लावून वाजवू, म्हणाला. करून पाहिलं. पण फोनमध्ये ती थाप चमचा वाजल्यासारखी किरटी येत होती, आणि मध्येच मंगळवारचं वाजवणं थांबून तिघांची बडबड सुरू व्हायची. "ती कानात नाय रे पायजे," धर्मेश म्हणाला. "ती खालून येते. बुडाखालून." फोन चालूच होता. मी शब्दकोश पिशवीतून काढून मांडीवर घेतला होता, का ते ठाऊक नाही, बहुधा हातांना काहीतरी हवं होतं. मी फोन ऐकत होतो, पाठ भिंतीला होती, आणि त्या बारीक आवाजाला माझ्या पाठीत साठलेला जुना आवाज जाऊन मिळत होता. इतक्या संध्याकाळी मी माझ्या ओळीची वाट पाहत त्या भिंतीला टेकून बसलो होतो, आणि भिंत मला काहीतरी वेगळंच शिकवत होती.

"कोन मारतंय?" धर्मेशनं मान वर केली.

गाळ्यात फोन बंद झाला होता, शलाकानंच केला होता, आणि तरी थाप येत होती. तिघं माझ्याकडे बघत होते. मी खाली बघितलं. माझा उजवा तळवा शब्दकोशाच्या पुठ्ठ्यावर पडत होता. धप्प. त्यांनी बघितलं हे कळताच तो थांबला. ओटा आठवला, ती हसणारी माणसं, भरकटलेले छोटे हात.

"थांबू नको आजोबा! मार, मार!"

"मला येत नाही रे धर्मेश. माझ्या हाताला ताल नाही."

"आत्ता काय भूत वाजवत होता?"

शलाका जवळ आली. माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि एक मायक्रोफोन ओढून शब्दकोशापाशी आणला. "आजोबा, तुम्ही आमच्याकडे बघू नका. तुम्ही फक्त भिंतीला टेका." हरेश हात जोडून म्हणाला, "आजोबाजी, आत्तापर्यंत पाया पडलो ते सगळे परत घेतो, नाहीतर हे करा." मी डोळे मिटले. भिंत गार होती. काही येईना. आता सगळे वाट बघतायत, इन्व्हर्टर उतरतोय, मी का बोललो, गप्प बसायचं सोडून मी का बोललो. मग मी वाट पाहायचं सोडलं. चंदूशेठचं लोखंड वर जातं, तिथे क्षणभर टेकतं, आळसावतं, आणि पडतं. ते टेकणं मला ठाऊक होतं. घड्याळाला ते ठाऊक नाही. हात वर गेला, टेकला, पडला. धप्प. सगळे शब्द पोटात घेऊन शब्दकोश वाजला, खोल, भरलेला. धप्प. धर्मेशच्या काठ्या त्यावर आल्या, आणि या वेळी त्या पळाल्या नाहीत. हरेशची म्हैस हंबरली आणि गाणं उभं राहिलं. मला ते पायांत कळलं. सकाळची ती पायरी परत आली होती आणि ती मीच घालत होतो.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. घाम डोळ्यांत गेला होता. शब्दकोशाची शिवण उसवत होती, मला ते हाताखाली जाणवत होतं, आणि ज्या पुस्तकाचा कोपरा मी कधी दुमडू दिला नाही त्याला मी आनंदानं बडवत होतो. शलाका गात होती, गाडी जाते, गाडी येते, बघत नाही कुणी, आणि तिच्या आवाजात इतकी जागा होती की मला वाटलं, आपली इमारत, बकऱ्या, खरवईपर्यंतचे नवे बांधकामाचे सांगाडे, सगळं तिच्यात मावेल. इथेपण कुणी राहतं! तिघं ओरडले, आणि चौथा आवाज कुणाचा म्हणून मी दचकलो, तर तो माझा होता. वाचनालयात मी असा ओरडलो असतो तर मीच मला बाहेर काढलं असतं. मग दुसरं कडवं. माझी ओळ जवळ आली. मी डोळे उघडले. शलाका माझ्याकडे बघत होती. तिचं तोंड उघडलं, आणि ती गायली नाही. ती नुसती बघत राहिली, माझ्या हाताकडे, डोळे भरलेले, आणि हसत. हरेशनंही हात उचलला. जिथे नकाशा होता, दिवे होते, तिथे कुणी काही बोललं नाही. तिथे फक्त धप्प, आणि मधली शांतता, आणि धप्प. आणि मग सगळं गाणं एकदम कोसळून परत आलं.

संपलं तेव्हा झांजेचा शेवटचा थरकाप विरेपर्यंत कुणी श्वास घेतला नाही. मग एकच कल्ला. धर्मेश ड्रमवरून उडी मारून आला आणि त्यानं मला शब्दकोशासकट उचललं. "म्हातारा पागल हाय! म्हातारा पागल हाय!" हरेश लॅपटॉपला नमस्कार करत होता. शलाका मात्र तोंडावर हात धरून उभी होती. "आजोबा," ती म्हणाली, "तुमची ओळ राहिली. मी विसरले. म्हणजे, विसरले नाही, मला गाताच आलं नाही." तिनं इन्व्हर्टरकडे बघितलं. "अजून आहे थोडी बॅटरी. फक्त तेवढी ओळ परत घेऊ. हरेश, होईल ना?" "होईल," हरेश म्हणाला, आणि प्रामाणिकपणे म्हणाला. "आजोबाजी सांगतील तसं. त्यांचा हक्क आहे." तिघं थांबले. "आधी मला ऐकवा," मी म्हणालो. इन्व्हर्टरनं पुन्हा शिटी दिली.

शलाकानं मोठे हेडफोन माझ्या कानांवर बसवले. त्यांच्या आत मुलं, ऊन, गल्ली सगळं मिटलं. गाणं सुरू झालं आणि अगदी खाली, सगळ्यांना आपल्या पाठीवर घेऊन, तो आवाज होता. मी आजवर किती पानं वाचली, किती वेळा वाटलं की अशा एखाद्या पानात आपलं काहीतरी असावं, एखादा शब्द, एखादा स्वल्पविराम तरी. हा शब्द नव्हता. माझी मान एका बाजूला कललेली होती, हे मला नंतर शलाकानं सांगितलं. दुसरं कडवं आलं, ती जागा आली, कोरी, आणि तिच्यात तो हात पडत होता. मला नकाशा दिसला. दिवेही दिसले. ते सांगायला तिथे कुणीच नव्हतं आणि ते लागलेले होते.

मी हेडफोन काढले. "नको," मी म्हणालो. "ओळ नको. असंच राहू दे."

"नक्की आजोबा? नंतर वाईट वाटेल तुम्हाला."

"वाटेल थोडं," मी म्हणालो. माझा तळवा लाल झाला होता, चुरचुरत होता. तो मी मुठीत धरून ठेवला. "पण आधी ते परत लाव."

"पूर्ण?"

"नाही," मी म्हणालो. "त्या जागेपासून."